फोल्डस्कोप: युनिव्हर्सिटीत बायोलॉजी शिकवणाऱ्यांसाठी कागदी मायक्रोस्कोपचा सविस्तर रिव्ह्यू

युनिव्हर्सिटीत पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाला बायोलॉजी शिकवते, शिवाय रिसर्च प्रोजेक्टसाठी माझ्याकडे मुलं असतात, आणि फोल्डस्कोप बरेच सेमिस्टर वर्गात, लॅबमध्ये, लॅबबाहेर असा सगळीकडे वापरून झालाय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. याचे जे रिव्ह्यू वाचायला मिळतात ते बहुतेक शाळकरी मुलांच्या पालकांचे नाहीतर हौशी मंडळींचे असतात. मुंगीचा पाय दिसला, फुलपाखराच्या पंखावरचे खवले दिसले, मुलं खूश. ते खरंच आहे. पण ज्यांना पुढे सायंटिस्ट व्हायचंय अशा अठरा-वीस वर्षांच्या मुलांना शिकवताना याचा काही उपयोग आहे का, हे फारसं कोणी लिहीत नाही आणि माझे सहकारी मला नेमकं तेच विचारतात.

आहे, भरपूर आहे. फक्त तो कशामुळे आहे हे आधी नीट समजून घ्यायला हवं, नाहीतर किट कपाटात पडून राहतं.

आधी वस्तू काय आहे ते सांगते. मनु प्रकाश आणि जिम सिबुल्स्की यांनी स्टॅनफर्डमध्ये बनवलेला हा घडीचा मायक्रोस्कोप, २०१४ मध्ये प्लॉस वन या जर्नलमध्ये त्याचा पेपर आला. पेपरमधलं मॉडेल ८.८ ग्रॅम वजनाचं, पार्ट्सचा खर्च एका डॉलरच्या आत, बाहेरून वीज लागत नाही, तीन मजली इमारतीवरून पडलं किंवा पायाखाली आलं तरी टिकतं असं त्यांनी लिहिलंय. त्याच पेपरमध्ये २००० पटींच्या वर जाणाऱ्या लेन्सचाही उल्लेख आहे, फ्लुरोसन्स (नमुना स्वतः चमकतो) आणि डार्कफील्ड (काळ्या पार्श्वभूमीवर उजळ नमुना) असेही प्रकार आहेत, आणि तिथेच लोकांचा गोंधळ होतो. विकत मिळणाऱ्या नेहमीच्या किटमधली लेन्स १४० पटींची असते आणि रेझोल्यूशन, म्हणजे दोन ठिपके वेगळे दिसायला लागणारं किमान अंतर, साधारण २ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पेपर वाचून अपेक्षा ठेवाल तर निराश व्हाल, किटवरचे आकडे वाचून अपेक्षा ठेवा.

कागद साधा नाही, सिंथेटिक आहे, पाण्यानं भिजून लगदा होत नाही, सहज फाटत नाही. शीटमधून तुकडे सुटे करायचे, घड्या घालायच्या, लेन्स बसवायची. पेपरमध्ये दहा मिनिटांच्या आत जमतं म्हटलंय, पहिल्यांदा करणाऱ्याला त्याहून जास्त वेळ लागतो, आणि तो लागू द्यावा. मी कधीच घडी घालून तयार फोल्डस्कोप मुलांना देत नाही. स्वतः जोडलेलं इन्स्ट्रुमेंट असलं की इमेज अंधुक आली तर पोरं आधी "हा भाग नीट बसलाय का" असं बघतात. तयार मायक्रोस्कोपवर बसलेलं मूल अशा वेळी हात वर करून कोणाची तरी वाट बघत बसतं. रिसर्चमध्ये ही सवय किती उपयोगी पडते ते ज्यांनी बिघडलेल्या सेटअपवर आठवडे घालवलेत त्यांना सांगायला नको.

लेन्स म्हणजे काचेचा छोटा गोळा, व्यास दोन-अडीच मिलिमीटर, बाकी काही नाही. यावर मी अख्खं एक लेक्चर घेते कारण आकडेमोड इतकी सुटसुटीत आहे की बायोलॉजीला आलोय म्हणजे मॅथ्स सुटलं असं मानणारी मुलंसुद्धा ती करतात. काचेचा अपवर्तनांक १.५ धरला तर गोळ्याची फोकल लेंग्थ व्यासाच्या पाऊणपट येते. व्यास २.४ मिलिमीटर घेतला तर फोकल लेंग्थ १.८, आणि जवळून स्पष्ट बघण्याचं नेहमीचं अंतर २५० मिलिमीटर, त्याला १.८ नं भागा, १३९ येतं. किटवर लिहिलेला १४० हा आकडा कुठून आला ते मुलांनी स्वतः काढलेलं असतं. मग पुढचा प्रश्न कोणीतरी विचारतंच, गोळा अजून लहान केला तर? मॅग्निफिकेशन वाढेल, पण लेन्स डोळ्याच्या आणि स्लाइडच्या आणखी जवळ न्यावी लागेल, दिसणारा भाग लहान होत जाईल, प्रकाश कमी पडेल. इन्स्ट्रुमेंट म्हणजे कुठेतरी केलेली तडजोड असते हे मुलांच्या इथे लक्षात येतं, पुढे सीक्वेन्सर असो की फ्लो सायटोमीटर, हीच नजर लागते.

आणि एका लेन्सनं काय होणार असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी. लेव्हेनहुकनं १६७० च्या दशकात पाण्यातले सूक्ष्मजीव पाहिले ते एकाच लेन्सच्या मायक्रोस्कोपनं, त्याचा जो मायक्रोस्कोप उट्रेख्टच्या युनिव्हर्सिटी म्युझियममध्ये आहे तो २६६ पट मोठं दाखवतो. रॉबर्ट ब्राऊननं १८२७ मध्ये परागकणांतून निघालेल्या बारीक कणांची थरथर पाहिली, ब्राऊनियन मोशन म्हणून जी आपण शिकवतो ती, आणि काही वर्षांनी ऑर्किडच्या पेशींमधल्या त्या गोल ठिपक्याला न्यूक्लियस हे नाव दिलं, तेही साध्या एका लेन्सनं काम करत असतानाच. डार्विन बीगल जहाजावर गेला तेव्हा त्याच्यासोबत बँक्स कंपनीचा असाच साधा मायक्रोस्कोप होता. हे मी मुलांना पहिल्याच दिवशी सांगते, आपल्या हातात आहे ते खेळणं नाही हे त्यांना पटायला हवं म्हणून.

आता मूळ मुद्दा. लॅबमधल्या चांगल्या मायक्रोस्कोपवर प्रॅक्टिकल कसं होतं ते आठवा. स्लाइड तयार असते, डेमॉन्स्ट्रेटरनं फोकस करून ठेवलेलं असतं, शेजारी भिंतीवर लेबल केलेली आकृती असते, मुलं एकेक करून येतात, डोळा लावतात, "दिसलं का? दिसलं" म्हणतात आणि भिंतीवरची आकृती वहीत उतरवतात. मी वह्या तपासते तेव्हा तीस वह्यांत तीच आकृती, तेच लेबल, त्याच ठिकाणी न्यूक्लियस. कोणी काही पाहिलंय की नाही याचा त्यात काहीच पुरावा नसतो. मुलांचा दोष नाही हा, आपण त्यांना बघायला सांगतच नाही, ओळखायला सांगतो.

फोल्डस्कोपमध्ये हे आपोआप बदलतं आणि त्याचं कारण त्याची मर्यादा आहे. तो हातात धरून डोळ्याला लावायचा असतो. अंगठ्यांनी कागद इकडेतिकडे सरकवून मुलगी जिथे पोचलीय ते ठिकाण फक्त तिलाच दिसतंय. तिनं तो मला दिला की हलला, फोकस गेला, मला दिसतंय ते दुसरंच काहीतरी. म्हणजे त्या क्षणी त्या निरीक्षणाची ती एकटीच साक्षीदार आहे, आणि मला माहिती हवी असेल तर तिला विचारण्याशिवाय माझ्याकडे मार्गच नाही. तिला शब्दांत सांगावं लागतं.

"काय दिसतंय?"
"सेल्स दिसतायत मॅडम."
"कशावरून सेल्स?"
"म्हणजे... चौकटी आहेत. लांबट. एकाला एक लागून."
"सगळ्या सारख्या?"
"नाही, मध्येमध्ये दोन-दोन वाकड्या आहेत, समोरासमोर. त्यांच्यामध्ये फट आहे. काहींमध्ये फट नाहीये."

या शेवटच्या वाक्यासाठी मी शिकवते. उघडे आणि मिटलेले स्टोमाटा, म्हणजे पानावरची हवेची सूक्ष्म छिद्रं, हा विषय तिनं पुस्तकात वाचलेला आहेच, परीक्षेत लिहिलेलाही असेल, पण "काहींमध्ये फट नाहीये" हे तिचं स्वतःचं वाक्य आहे आणि त्याच्या पाठोपाठ "मग कुठल्या उघड्या असतात, कधी असतात" हा प्रश्नही तिचाच येतो. तिथून पुढे मेंटॉरिंग सुरू होतं. माझा एकच नियम आहे, पहिले काही आठवडे "हे काय आहे?" असा प्रश्न मी विचारत नाही आणि त्यांनी विचारला तर लगेच उत्तर देत नाही. आधी काय दिसतंय ते सांगा, वहीत लिहा, चित्र काढा, नाव नंतर.

चित्राबद्दल थोडं. रेषा चांगली असण्याशी त्याचा संबंध नाही. चित्र काढताना प्रत्येक रेषेला ठरवावं लागतं की ही कड खरंच आहे का, इथे संपते की पुढे जाते, त्यामुळे फोटो काढणाऱ्यापेक्षा चित्र काढणारा जास्त वेळ बघतो. रामोन इ काहालनं न्यूरॉन्सची, म्हणजे मेंदूतल्या पेशींची, चित्रं हातानं काढली आणि न्यूरॉन्स सुटेसुटे असतात हे मांडलं, गॉल्जी या शास्त्रज्ञानं शोधलेलीच रंग देण्याची पद्धत वापरून, आणि गॉल्जीचं स्वतःचं मत अगदी उलटं होतं. १९०६ चं नोबेल दोघांना मिळून मिळालं. एकाच प्रकारच्या स्लाइडमधून दोन मोठी माणसं दोन वेगळ्या गोष्टी बघू शकतात हे पहिल्या वर्षाच्या मुलांना कळलं की आपल्याला शेजारच्यापेक्षा वेगळं दिसलं तर ते घाबरत नाहीत, नोंद करतात.

प्रोजेक्टसाठी याचा सगळ्यात जास्त उपयोग मला स्टोमाटावर झालाय, कारण तिथे १४० पट पुरेसं आहे. पानाच्या खालच्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर लावायचा, वाळू द्यायचा, पारदर्शक चिकटपट्टीनं अलगद सोलून स्लाइडवर चिकटवायचा, पानाचा ठसा मिळतो. रंग नको, ब्लेड नको, लॅबसुद्धा नको. मग मोजायचं, एका चौरस मिलिमीटरमध्ये किती.

आणि इथेच खरं शिक्षण सुरू होतं, कारण "एका चौरस मिलिमीटरमध्ये" म्हणायचं तर दिसणारा भाग किती मोठा आहे ते माहीत पाहिजे. किटमध्ये नेहमीची काचेची स्लाइड बसते, त्यामुळे लॅबमधला स्टेज मायक्रोमीटर, म्हणजे बारीक मोजपट्टी कोरलेली स्लाइड, तसाच बसवता येतो, एक मिलिमीटरचे शंभर भाग, एकेक भाग १० मायक्रॉनचा. फोन लावून त्याचा फोटो घ्यायचा, आणि नंतर सगळे फोटो त्याच झूमवर. झूम बदललं की कॅलिब्रेशन गेलं. हे वाक्य मी कितीही वेळा सांगितलं तरी ते सांगून कळत नाही, दोन मैत्रिणींचे आकडे दुपटीनं वेगळे आले की एका दिवसात कळतं.

पुढचा अडथळा याहून महत्त्वाचा. मुलं एका पानावर वीस ठिकाणी मोजतात, दुसऱ्या झाडाच्या एका पानावर वीस ठिकाणी मोजतात आणि सांगतात, एन (नमुन्यांची संख्या) बरोबर वीस, फरक सिग्निफिकंट आहे. नाही रे बाबा, झाडं दोनच आहेत. एकाच पानावरचे वीस आकडे त्या पानाबद्दल सांगतात, सावलीतल्या झाडांबद्दल आणि उन्हातल्या झाडांबद्दल नाही. स्टुअर्ट हर्लबर्टनं १९८४ मध्ये याला स्यूडोरेप्लिकेशन म्हटलं आणि तेव्हापासून इकॉलॉजीवाले एकमेकांचे पेपर यावरून तपासतात, तरी अजून ते छापून येतं. स्टॅटिस्टिक्सच्या तासाला हे फळ्यावर सांगितलं की मुलं मान डोलावतात. स्वतः नेलपॉलिश लावून, डोळे दुखेपर्यंत मोजून जमवलेल्या आकड्यांबद्दल सांगितलं की वाद घालतात, चिडतात, मग रात्री मेसेज येतो, "मॅडम, मग किती झाडं घेऊ?" हा मेसेज आला की मला कळतं ही मुलगी आता रिसर्च करतेय.

त्याच्याच पुढे ब्लाइंड काउंटिंग. कुठला ठसा उन्हातल्या पानाचा आणि कुठला सावलीतला हे मोजणाऱ्याला माहीत नसावं, लेबल दुसऱ्यानं लावावं, नावं शेवटी उघडावीत. अर्धवट दिसणारे, कडेवरचे स्टोमाटा मोजायचे की नाही याचा नियम आधी ठरवून लिहून ठेवावा. एवढ्या साध्या प्रोजेक्टमध्ये एवढी सगळी शिस्त बसते, आणि चुकलं तर नुकसान काही नाही, पुन्हा पान तोडा. महागडे रीएजंट्स आणि उंदीर हातात द्यायच्या आधी ही शिस्त इथे अंगी बाणलेली बरी.

हे सगळं शाळकरी वाटू नये म्हणून मी त्यांना वुडवर्डचा १९८७ चा नेचरमधला पेपर वाचायला देते. हर्बेरियममध्ये जपून ठेवलेली गेल्या दोनशे वर्षांतली पानं घेऊन त्यानं स्टोमाटा मोजले आणि घनता सुमारे ४० टक्के कमी झाल्याचं दाखवलं, हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढत गेला त्या काळात. मोजणं तेच जे आमची मुलं करतायत, प्रश्न मात्र केवढा मोठा. मेथड्स सेक्शन वाचताना पोरं एकदम अधिकारानं बोलायला लागतात, त्यांनी किती पानं घेतली, कुठल्या भागात मोजलं, झाडाच्या कुठल्या उंचीवरची पानं असतील. पेपर कसा वाचायचा हे मला वेगळं शिकवावं लागत नाही.

एका विद्यार्थिनीचा प्रश्न मला फार आवडला होता. हिरव्या-पांढऱ्या पानांचं झाड असतं ना, त्यातल्या पांढऱ्या भागात स्टोमाटा असतील का? तिथे फोटोसिंथेसिस नाही तर कार्बन डायऑक्साइड कशाला हवाय, म्हणून नसतील असा तिचा अंदाज. ठसा घेतला तर होते. मग आमची एक अख्खी मीटिंग त्यावर गेली: स्टोमाटा तयार होतात ते पान कोवळं असताना, ते काय "गरज" बघून होतात का, बाष्पोत्सर्जनाचं काय, गार्ड सेलच्या (छिद्राच्या दोन बाजूंच्या वाकड्या पेशींच्या) क्लोरोप्लास्टचं काय. अवयव आहे म्हणजे या क्षणी त्याचा उपयोग असलाच पाहिजे हे गृहीतक इतकं खोल बसलेलं असतं की इव्होल्यूशनच्या दहा लेक्चरनी हलत नाही. तिचा अंदाज चुकला आणि त्यातून तिला जे मिळालं ते अंदाज बरोबर आला असता तर मिळालं नसतं.

दुसरा चांगला प्रोजेक्ट म्हणजे पॅरामेशियम या पाण्यातल्या एकपेशीय जीवाचा कॉन्ट्रॅक्टाइल व्हॅक्यूओल, म्हणजे आत शिरलेलं जादा पाणी बाहेर टाकणारी पिशवी. फुगतो, आकसतो, फुगतो, आकसतो, त्यातला वेळ स्टॉपवॉचनं मोजायचा, मग पाण्यात थोडं मीठ वाढवायचं, आकसण्याचा वेग मंदावतो कारण आत येणारं पाणी कमी होतं. ऑस्मोसिस डोळ्यांसमोर. अडचण एवढीच की पॅरामेशियम थांबत नाही, कापसाचे दोन-चार धागे टाकले की अडकतं.

मेंटॉरिंगच्या बाजूनं अजून एक गोष्ट, जी किटच्या माहितीपत्रकात कुठे नसेल. प्रत्येकाकडे स्वतःचा मायक्रोस्कोप असला की लॅबची वेळ संपली तरी बघणं संपत नाही. लॅबच्या मायक्रोस्कोपवर आत्मविश्वास असलेली दोन मुलं पुढे होतात, बाकीची मागे उभी राहून नोट्स काढतात, आणि त्या मागच्यांमध्ये कोण काय क्षमतेचं आहे हे वर्ष संपेपर्यंत कळत नाही. ग्रुपमध्ये कधी तोंड न उघडणारा मुलगा एकटा असताना तळ्यातल्या पाण्याचे तीन-तीन तास निरीक्षण करून वहीत पानंच्या पानं लिहितो, असं मी पाहिलंय, आणि त्याची वही वाचल्यावरच मी त्याला रिसर्चला ये म्हणून विचारलं. मार्कांवरून तो कधीच दिसला नसता. म्हणून माझा आग्रह असतो, तीन जणांत एक असं वाटू नका, प्रत्येकाला एक द्या. क्लासरूम किट गठ्ठ्यानं मिळतात, त्यात सुटे साहित्य कमी असतं पण मायक्रोस्कोप तोच.

वह्या दर आठवड्याला बघते, मार्क देत नाही, समासात प्रश्न लिहिते. "हे त्याच पानावर पुन्हा बघितलंस का?" "याच्या उलट दिसलं असतं तर काय म्हणाली असतीस?" पीएचडीच्या मुलांनाही यात घेते, एकेकाकडे चार-पाच ज्युनियर. त्यांना वाटतं आपला वेळ जातोय, पण दुसऱ्याच्या प्रोजेक्टमधली गृहीतकं शोधता शोधता त्यांना स्वतःच्या थिसिसमधली दिसायला लागतात. आणि ज्युनियर मुलं जे मला विचारायला कचरतात ते त्यांना विचारतात, "रिझल्ट काहीच आला नाही तर चालतं का" वगैरे. चालतं. काहीच फरक आढळला नाही हाही रिझल्ट आहे आणि सेमिस्टरच्या शेवटी तो इतक्याच गंभीरपणे मांडायचा, हे मी सुरुवातीलाच स्पष्ट करते, नाहीतर मुलं आकडे ओढूनताणून बसवतात. पुढे जाऊन मोठ्या लॅबमध्ये जे गैरप्रकार होतात त्यांची सुरुवात इथेच कुठेतरी होते असं माझं मत आहे.

हाताने करून शिकणं चांगलं हे आता फक्त मत राहिलेलं नाही. २०१४ मध्ये फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी सायन्स, इंजिनिअरिंग आणि मॅथ्स शिकवण्याबद्दलचे २२५ अभ्यास एकत्र तपासले, नुसत्या लेक्चरच्या वर्गात नापासांचं प्रमाण ३३.८ टक्के, ॲक्टिव्ह लर्निंगच्या वर्गात २१.८. हे आकडे फोल्डस्कोपचे नाहीत हे लक्षात ठेवा. मुलांना कामाला लावणाऱ्या शिकवण्याचे आहेत. फोल्डस्कोप देऊनही तुम्ही भिंतीवरची आकृती उतरवायला लावू शकता, मग फायदा शून्य.

आता मर्यादा, आणि त्या मोकळेपणानं सांगायला हव्यात. २ मायक्रॉन रेझोल्यूशन म्हणजे बॅक्टेरिया विसरा. ई. कोलाय जेमतेम २ मायक्रॉन लांब आणि अर्धा मायक्रॉन रुंद, दिसला तरी ठिपका, त्यावरून काहीच सांगता येणार नाही. यीस्ट दिसतं पण आतलं काही नाही. गालाच्या आतल्या पेशी रंग न देता जवळजवळ दिसतच नाहीत, मिथिलिन ब्लू लावला की छान दिसतात. मायटोसिसच्या, म्हणजे पेशीविभाजनाच्या, अवस्था मोजायच्या असतील तर सरळ लॅबमध्ये जा, ४० एक्स ऑब्जेक्टिव्हच्या (१० एक्स आयपीस धरून एकूण ४०० पट) चांगल्या कंपाउंड मायक्रोस्कोपला पर्याय नाही. हिस्टॉलॉजी (ऊतींचा अभ्यास), मायक्रोबायॉलॉजी, फ्लुरोसन्सवर चालणारं काहीही, या विषयांसाठी हा घेऊच नका.

गोळ्याच्या लेन्समुळे इमेज मध्यभागी स्पष्ट आणि कडेला पसरट दिसते, सगळ्या बॉल लेन्सचं तसंच असतं. मोजणी करताना मधलाच भाग घ्या. लेन्स आणि स्लाइड यांत अंतर फार कमी, त्यामुळे जाड नमुना चालत नाही, कव्हरस्लिप लावाच. हात स्थिर लागतो. ज्यांचा हात थरथरतो, ज्यांची नजर अधू आहे, जाड चष्मा आहे, त्यांना डोळ्याला लावून बघणं अवघड जातं, त्यांच्यासाठी पहिल्या दिवसापासून फोन लावा, मॅग्नेटनं फोनच्या कॅमेऱ्यावर बसतो, फोन स्टँडवर ठेवला की स्क्रीनवर मोठं आणि स्थिर दिसतं. बाकीच्यांना मात्र मी सुरुवातीला फोन लावू देत नाही. फोन लागला की फोटो काढतात आणि बघणं थांबतं, शिवाय दोन बोटांनी झूम करून "अजून मोठं दिसतंय" म्हणतात. मोठं दिसतं, जास्त काही दिसत नाही. मॅग्निफिकेशन आणि रेझोल्यूशन यांतला फरक शिकवायला हा प्रसंग उत्तम आहे, मी तो मुद्दाम होऊ देते, पण वर्गात, माझ्यासमोर.

सुरक्षिततेच्या दोन गोष्टी, ज्या मोठ्या मुलांना सांगायला आपण विसरतो. फोल्डस्कोप डोळ्याला लावून सूर्याकडे कधीही बघायचं नाही, उजेड हवा तर आकाशाकडे, भिंतीकडे किंवा दिव्याकडे धरा, किटमध्ये एलईडी असेल तर तो वापरा. आणि रक्ताच्या स्लाइड बनवायला मुलांना परवानगी देऊ नका, लाल पेशी ७-८ मायक्रॉनच्या, दिसतात हे खरं, पण त्यासाठी हॉस्टेलच्या खोलीत बोटं टोचून घेण्याची गरज नाही.

पाचपैकी किती द्यायचे असं विचाराल तर पहिल्या-दुसऱ्या वर्षाला, सगळ्यांना एकेक देऊन, सेमिस्टरभर चालणाऱ्या प्रोजेक्टसाठी पाचपैकी पाच. एका दिवसाच्या वर्कशॉपसाठी दोन, कारण घडी घालण्यात आणि फोकस शिकण्यातच दिवस जातो आणि मुलं नेमकी बघायला लागतात तेव्हा आपण निरोप घेतो. लॅबमधल्या मायक्रोस्कोपऐवजी म्हणून कोणी ऑफिसातून हा सुचवत असेल तर नाही म्हणा, दोन्ही लागतात: प्रश्न इथे सुचतो आणि बारकावे तिथे तपासावे लागतात. घ्यायचं ठरवलंत तर सोबत स्टेज मायक्रोमीटर एखादा तरी हवा, कव्हरस्लिप भरपूर, पारदर्शक नेलपॉलिश, रुंद चिकटपट्टी, आणि प्रत्येकासाठी बिनरेघांची जाड वही, सुटे कागद नकोत कारण ते हरवतात आणि खाडाखोड झालेलं पान फाडून टाकता येतं.